दोघांच्या नावावरचा फ्लॅट भाड्याने देत आहोत: उत्पन्न आणि व्याज कोणाच्या विवरणपत्रात दाखवावे?

नमस्कार.

माझ्या बदलीमुळे आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहायला आलो असून पुण्यात वारजे येथील आमचा फ्लॅट पहिल्यांदाच भाड्याने देत आहोत. फ्लॅट माझ्या आणि पत्नीच्या संयुक्त नावावर आहे, मात्र खरेदीखतात कोणाचा किती हिस्सा हे लिहिलेले नाही. खरेदीच्या वेळी भरलेली रक्कम बहुतांशी पत्नीच्या बचतीतली होती (तेव्हा ती नोकरी करत असे), आणि गृहकर्जात ती सहकर्जदार असली तरी हप्ता सुरुवातीपासून माझ्याच पगाराच्या खात्यातून जातो. सध्या तिला स्वतंत्र उत्पन्न नाही.

भाडे दरमहा २८,००० रुपये ठरले आहे. स्वतः राहणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते, ती आता आम्हाला मिळणार नाही, म्हणून मिळकतकर अंदाजे १८,००० रुपये धरला आहे. वर्षाच्या ३,३६,००० रुपये भाड्यातून तो वजा केल्यावर ३,१८,००० रुपये उरतात. त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट घेतल्यावर २,२२,६०० रुपये. गृहकर्जाचे वर्षाचे व्याज साधारण ३,४०,००० रुपये आहे. घर भाड्याने दिलेले असल्यामुळे ते पूर्ण वजा करता येते, म्हणजे एकूण १,१७,४०० रुपयांचा तोटा दिसतो. इथपर्यंतचा हिशेब बरोबर आहे असे मला वाटते.

अडचण वाटणीची आहे. हिस्सा लिहिलेला नसल्यामुळे भाडे आणि व्याज दोन्ही निम्मे-निम्मे धरावे, असे एका सीएंचे मत आहे. तसे केल्यास दोघांच्याही नावावर ५८,७०० रुपयांचा तोटा येतो आणि पत्नीला त्याचा सध्या काहीच उपयोग होत नाही. दुसऱ्या सीएंच्या मते हप्ता मीच भरत असल्यामुळे सर्व व्याज मला घेता येईल. मग पत्नीच्या विवरणपत्रात १,११,३०० रुपये उत्पन्न येते, ज्यावर तिला कर लागत नाही, आणि माझा तोटा २,२८,७०० रुपये होतो. जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाख पगारातून वजा होतात व उरलेला तोटा पुढे ८ वर्षे ओढता येतो. नव्या प्रणालीत मात्र हा तोटा पगारातून वजा करता येत नाही आणि पुढेही नेता येत नाही. मी सध्या नव्या प्रणालीत आहे, त्यामुळे प्रणाली बदलण्याचा निर्णयही या एका उत्तरावर अडला आहे.

मला कर चुकवायचा नाही. पुढे नोटीस आली तर कागदोपत्री टिकेल अशीच मांडणी हवी आहे. म्हणून विचारतो की, सहकर्जदार पत्नी एकही हप्ता भरत नसताना संपूर्ण व्याज मी घेणे ग्राह्य धरले जाते का, आणि त्यासाठी बँकेच्या व्याज प्रमाणपत्राखेरीज दोघांमध्ये काही लेखी करावे लागते का? तसेच, हप्ते माझे असल्यामुळे पत्नीचा हिस्सा मीच मोबदल्याशिवाय दिला असे धरून तिचे भाडेही माझ्याच उत्पन्नात जोडले जाण्याची शक्यता आहे का? तिने सुरुवातीला दिलेल्या रकमेचा बँकेचा उतारा आमच्याकडे आहे.

एजंट '११ महिन्यांचाच करार आहे, नोटरी पुरे' असे सांगत होते, परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी असल्यामुळे आम्ही नोंदणीच करणार आहोत. करारात परवाना देणारे म्हणून आम्हा दोघांची नावे आहेत आणि भाडे जमा करण्यासाठी फक्त पत्नीच्या खात्याचा क्रमांक लिहिला आहे. भाडे एकाच खात्यात आल्याने वर विचारलेल्या वाटणीला बाधा येत असेल, तर संयुक्त खाते उघडून मसुद्यातले ते कलम नोंदणीआधीच बदलून घेता येईल. संयुक्त मालकीचे घर भाड्याने दिलेल्यांनी किंवा करसल्लागारांनी कृपया मार्गदर्शन करावे.