कोर्ट, द डिसायपल, संत तुकाराम: चित्रपट संथ आहेत की टीव्हीच घोळ करतोय?

बाल्कनीवाला:
गेल्या महिन्यात हे तिन्ही मराठी चित्रपट घरी पाहिले. ४३ इंची टीव्ही आणि २.१ साउंडबार (डावा-उजवा स्पीकर आणि सबवूफर).

'कोर्ट' (२०१४): विषय जबरदस्त, पण कॅमेरा एका जागी रोवलेला, कोणाच्या चेहऱ्याजवळ जायला तयार नाही. खटल्यात रंगच भरत नाही. शेवटचा अर्धा तास १.२५ वेगाने पाहिला.
'द डिसायपल' (२०२०): गाणं सुरेख, पण सगळं रोजच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. माई या गानगुरूंची ध्वनिमुद्रित व्याख्यानं नीट ऐकू येत नाहीत, तानपुरा मात्र घरभर.
'संत तुकाराम' (१९३६): तुकाराम झालेले पागनीस ग्रेट. पण सगळी माणसं जाडजूड दिसतात आणि आवाज घुमतो.

यात चित्रपटांचा दोष किती आणि टीव्हीचा किती? आणि 'कोर्ट'सारख्या फ्रेममध्ये बघायचं तरी काय?

निगेटिव्ह:
'तुकाराम'पासून सुरू करू, तिथला घोळ सरळसरळ टीव्हीचा आहे. त्या काळच्या बोलपटाची चौकट जवळजवळ चौकोनी, रुंदी उंचीच्या १.३७ पट. तुमच्या टीव्हीची १.७८ पट. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५३.५ सेंमी उंच असतो. म्हणजे चित्र ७३ सेंमीत बसायला हवं आणि दोन्ही बाजूंना ११-११ सेंमी काळी पट्टी राहायला हवी. माणसं जाड दिसतायत, म्हणजे चित्र आडवं ताणलंय, जवळपास ३० टक्के.

पिक्चर साइझमध्ये 'वाइड' किंवा 'फुल' असेल तर '४:३' किंवा 'ओरिजिनल' करा. 'झूम' चुकूनही नको. त्यात माणसं प्रमाणात दिसतात, पण वरखाली मिळून २३ टक्के चित्र कापलं जातं. तुकाराम वैकुंठाला निघतो तेव्हा फ्रेमची वरचीच बाजू महत्त्वाची असते. इंटरनेटवर फिरणाऱ्या काही प्रती मुळातच ताणून चढवलेल्या असतात, काहींत काळ्या पट्ट्या आधीच चित्रात घातलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रतीला '४:३' लावलं की माणसं काटकुळी होतात. म्हणून आकड्यांवर जाऊ नका. समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधा आणि ती गोल दिसते का एवढंच बघा.

मालिकेसारखं दिसण्याचं कारण वेगळं. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्ही मधल्या मधल्या जागा भरायला स्वतःची चित्रं बनवून घुसवतो. सोनीत याला 'मोशनफ्लो', एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' म्हणतात. 'लो' नको, पूर्ण बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच निवडा, हे सगळं एका झटक्यात बंद होतं. 'डिसायपल'मध्ये गाणं शिकणारा शरद रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकलने जातो आणि माईंचा आवाज चालू असतो, ती दृश्यं मुद्दाम संथ गतीत आहेत. टीव्हीने त्यात भर घातली की ती तरंगती गती मरते आणि मोबाइलवर शूट केल्यासारखं दिसतं. बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना किंचित धक्के जाणवतील, कारण २४ चित्रं टीव्हीच्या सेकंदाला ६० च्या हिशेबात सारखी वाटली जात नाहीत, एक तीनदा दिसतं तर पुढचं दोनदा. १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० वेळा चित्र दाखवणाऱ्या) पॅनलवर प्रत्येक चित्र पाचदा बसतं, तिथे ही भानगड नाही. 'कोर्ट'मध्ये कॅमेरा हलतच नाही म्हटल्यावर धक्क्यांचा प्रश्न फारसा येत नाही!

जाता जाता: जुन्या कृष्णधवल चित्रपटाला शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणि नॉइज रिडक्शन बंद. पहिला वाढवला की फिल्मचे दाणे मुंग्यांसारखे वळवळतात, दुसरा वाढवला की चेहरे मेणाचे होतात.

खर्ज:
आवाजाचं मी सांगतो. ५.१ मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांसाठीच्या) बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतं. तुमच्या २.१ बारला मधला स्पीकरच नाही, त्यामुळे ते बोलणं डाव्या-उजव्यात मिसळून येतं आणि तिथे आधीच असलेल्या तानपुऱ्याशी भांडतं. त्यावर बारचा 'सराउंड' किंवा '३डी' मोड चालू असेल तर तानपुरा आणखी पसरतो आणि बोलणं मागे पडतं. क्रमाने हे करा: आधी ॲपच्या ऑडिओ यादीत मूळ मराठी, ५.१ नसलेला पर्याय असेल तर तो निवडा. मग टीव्हीच्या डिजिटल साउंड आउटमध्ये 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) निवडा. मग बारवरचा सराउंड बंद. शेवटी सबवूफर दोन-तीन पायऱ्या खाली.

'क्लिअर व्हॉइस'च्या मोहात पडू नका. तो शब्द स्पष्ट करणाऱ्या ध्वनीच्या वरच्या पट्ट्या उचलतो, त्याच पट्ट्यांत तानपुऱ्याच्या जवारीची (तारांच्या झंकाराची) झळाळी असते, ती कर्कश होते. 'नाइट मोड'ही नको, त्यात हळू आवाज चढतो आणि मोठा उतरतो, म्हणजे षड्जावरचा हलका ठेहराव आणि तारसप्तकातली फेक एकाच पातळीवर. या चित्रपटात तर तोच फरक ऐकायचा आहे. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही खरे गवई. शरद मैफलीत कुठे कमी पडतो, हे संवादांतून कमी आणि गळ्यातून जास्त कळतं. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. तो मुद्दाम सपाट, ठाम, कुठेही न चढणारा आहे. आवाज वाढवण्यापेक्षा खोलीतला पंखा कमी करा, जास्त उपयोग होईल.

'तुकाराम'ला उलट. त्या काळच्या ध्वनिपट्टीत ना फार खर्ज असतो ना फार तार. बास वाढवला की गाणं भरत नाही, फक्त घरघर भरते. तुमचं घुमणं तेच. 'स्टँडर्ड', बास खाली, ट्रेबल जागच्या जागी. सगळे मोड बंद केले की पागनीसांचा स्वतःचा गळा समोर येतो. अवांतर: 'आधी बीज एकले' अनेकजण तुकारामांचा अभंग म्हणून गातात, ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं आहे.

आणि १.२५ वेग? 'कोर्ट'ला लावलात तो लावलात, 'डिसायपल'ला लावू नका. स्वराची पट्टी ॲप सांभाळतं, पण विलंबित लय विलंबित राहत नाही, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) तुटक होते.

तिसरी घंटा:
आता 'कोर्ट'. बाल्कनीवाले, तुम्ही खटल्यात नाट्य शोधताय आणि चित्रपट कामकाज दाखवतोय. साक्षीदार बोलतो, मग न्यायाधीश सदावर्ते टंकलेखकाला मजकूर सांगतात. दर वेळी दोन्ही ताडून बघा: माणूस काय बोलला आणि कागदावर काय उतरलं. लांबलचक उत्तराचं एक वाक्य होतं. जवळून चेहरा दाखवला असता तर नजर साक्षीदारावरच अडकली असती. लांबून बघताना साक्षीदार, दोन्ही वकील, टंकलेखक आणि मागे आपल्या नंबराची वाट बघणारे एकाच वेळी दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना या खटल्याशी काही देणंघेणं नाही हेही दिसतं.

गटारात मेलेल्या सफाई कामगाराच्या बायकोची साक्ष पुन्हा बघा, पूर्ण वेगाने. नवरा आधी खाली खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. त्याचा एक डोळा गेलेला. हे ती तक्रारीच्या सुरात सांगत नाही, विचारलं तेवढंच सांगते. शाहीर नारायण कांबळेवरचा आरोप गाण्यातून याच कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा, दंड संहितेचं कलम ३०६ (आता न्याय संहितेत १०८), शिक्षा १० वर्षांपर्यंत. आरोपाचं वजन आणि झुरळांची ती माहिती एकाच थंड आवाजात येतात, या चित्रपटाची सगळी ताकद तिथे आहे. पार्श्वसंगीत घातलं असतं तर वाया गेली असती.

पिटातला:
कोर्टरूमपुरतं मान्य. बाहेरच्या दृश्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बचावाचा वकील व्होरा सुपरमार्केटमधून वाइन आणि चीज घेतो, सरकारी वकील नूतनबाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. इथवर ठीक, नूतनबाई झालेल्या गीतांजली कुलकर्णींनी तर कमालच केली आहे, कोर्टात कलमं वाचणारा तो एकसुरी आवाज आणि लोकलच्या डब्यातल्या गप्पांचा आवाज, दोन वेगळ्या बायका वाटतात. पण नंतर त्या कुटुंबासह ज्या परप्रांतीयविरोधी नाटकाला जातात, तिथे दिग्दर्शक बोट दाखवून सांगतो. एरवी प्रेक्षकावर सोडणारा चित्रपट तिथे सोडत नाही.

(पुढे शेवट सांगितला आहे, पाहिला नसेल तर वाचू नका.) कोर्टरूम रिकामी होते, दिवे जातात, पडदा काळा. तिथेच संपवायला हवा होता असं म्हणणारे बरेच आहेत. मला सुटीतले न्यायाधीश हवेतच. बाकावर डुलकी काढताना पोरं ओरडून उठवतात आणि ते हाताला लागलेल्या एकाला थोबाडीत देतात. चौकशी नाही, तारीख नाही, निकाल जागेवर. मात्र १.२५ वर हे दृश्य साफ फसतं, त्या काळ्या पडद्यावर पुरेसा वेळ थांबल्याशिवाय पुढचं अंगावर येत नाही.

बाल्कनीवाला:
पट्ट्या आल्या, माणसं सडपातळ झाली. साक्षही पुन्हा पाहिली, खड्याचं पहिल्यांदा निसटलंच होतं. नाटकाच्या दृश्याबद्दल पिटातला यांच्याशी सहमत. एकच अडचण: मोशनचं सेटिंग बंद केलं, तरी 'डिसायपल' अजून तसाच गुळगुळीत. बंद केलेलं दिसतंय, पण फरक शून्य.

निगेटिव्ह:
सेटिंग कुठे उभं राहून बदललंत? बऱ्याच टीव्हींत चित्राची सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी साठवली जातात. एचडीएमआयवर बंद केलं तरी टीव्हीतल्या ॲपला चालूच राहतं, आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणाऱ्या) चित्राचा संच आणखी निराळा. चित्रपट चालू असताना, त्याच ॲपमध्ये, रिमोटच्या सेटिंग बटणाने मेनू उघडा आणि तिथे बंद करा. 'सगळ्या इनपुटना लागू करा' असा पर्याय असेल तर तोही दाबा. मग मोटरसायकलचं दृश्य लावून बघा, फरक तिथे लगेच कळतो.