वाड्याचं जुनं दार घेताना काय तपासावं?

बावधनची_शुभा: नव्या फ्लॅटला वाड्याचं जुनं दार बसवायचं डोक्यात आहे. भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ जुन्या लाकडाच्या वखारीत एक आवडलंय. दोन झडपा, पितळी फुल्या, वर गणेशपट्टी. मालक म्हणतात बर्मा टीक, शंभर वर्षांचं, पानशेतच्या पुरातून वाचलेलं. ४५,००० सांगतायत. अहोंच्या मते तेवढ्यात नवी दोन येतील. जाणकारांनी सांगा.

पेठेतला_नाना: पूर १२ जुलै १९६१ ला आला, त्याचे पैसे आता तुम्ही का भरायचे? आणि बर्मा टीक हे पुण्यात प्रत्येक जुन्या लाकडाचं आडनाव आहे, तिकडे लक्ष देऊ नका.

दार उलटं करायला लावा. पुढून पॉलिश मारलेलं असतं, मागे कोणी हात लावत नाही. मागे वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव दिसले, फळीची जाडी जागोजागी कमी-जास्त लागली, तर हातचं काम. एका कोपऱ्यात पॉलिशपेपर घासा, सागाला तेलकट वास येतो. खालची कड उंबऱ्याच्या ओलीने आधी कुजते, तिथे पेचकस टोचा. भोकं असली तरी चालतील. पण दार ठोकल्यावर ताजा भुसा गळला तर किडा आत जिवंत आहे.

जुन्या दाराला बहुधा बिजागऱ्या नसतात. फळीलाच वर-खाली खुंट असतो, तो चौकटीच्या भोकात फिरतो. खुंट कापून बिजागऱ्या ठोकल्या असतील तर भाव पाडा. चौकट मिळत नसेल तर सोडून द्या. गणेशपट्टी त्याच चौकटीची आहे ना, तेही बघा. दुसरीकडची आणून ठोकतात. आधी केळकर संग्रहालयात चक्कर मारा, तिथली दारं पाहिली की नजर बसते.

कसब्याची_सून: नाना, उंचीचं राहिलं. वाड्यातली दारं बुटकी, फ्लॅटचं माप सात फूट. शिवाय चौकट लिफ्टमध्ये मावत नाही. आमची जिन्याने चढवली, तेव्हा हमालांनी दर मजल्याला भाव वाढवला. जुना ऑइलपेंट घरात खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं, लहान मूल असेल तर मुळीच नको. कड्या-कोयंडे कमी असतील तर जुना बाजार, बुधवारी नाहीतर रविवारी.

बावधनची_शुभा: माप घेतलं. साडेपाच फूट! अहो सहा फूट आहेत. खुंट मात्र शाबूत आहे, चौकटही मिळतेय.

पेठेतला_नाना: मग मुख्य दाराचा नाद सोडा, देवघराला लावा. वाकून आत गेलेलं तिथे शोभतं. वरच्या दीड फुटात लाकडी जाळी बसवून घ्या. त्यासाठी नवा साग नको, रंग जुळायचा नाही. त्याच वखारीत जुन्या तुळयांचे तुकडे घनफुटावर मिळतील. आणि भाव ठरेपर्यंत मालकासमोर गणेशपट्टीचं कौतुक करू नका.