मासा धरून फोटो काढताना

वर एकांनी विचारलंय, मासा मेलेलाच असतो, मग त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढला तर काय बिघडलं? बिघडतं हो! आम्ही मालवणात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातो. तांबोशी मासळी गळाला लागली की आधी तिला तडफडत न ठेवता मारायचं, तोंडावरचं रक्त खाऱ्या पाण्याने धुवायचं, मग दोन्ही हातांवर घेऊन फोटो. कल्ल्यात बोटं घालून लोंबकळवलेली तांबोशी मला बघवत नाही. संध्याकाळी तीच आपल्या ताटात येणार असते.

जाळ्यात सापडलेल्या व्हेल शार्कवर बसून तर फोटो नकोच. 2001 पासून तो संरक्षित आहे. काढायचाच तर जाळं कापून त्याला सोडतानाचा काढा. कापलेल्या जाळ्यासाठी सरकारकडे 25,000 रुपयांपर्यंतची भरपाई मागताना तोच पुरावा लागतो.