वाढवता येण्याजोगी डिजिटल नियंत्रण प्रणाली: एचओ मांडणीसाठी सुरुवात कशापासून करावी?

घाटमाथा (मुलुंड)

नमस्कार.

लहानपणी पुण्याला कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिले, तेव्हापासून आपल्याही घरी अशी गाडी धावावी ही इच्छा मनात होती आणि गेल्या वर्षी ती पुरी करायला घेतली. सध्या आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडवर एचओ (१:८७) मापाचा दुहेरी मार्ग, चार सांधे आणि एक लहानसे यार्ड आहे. इंजिने तीन आहेत. सर्व काही साध्या डीसी कंट्रोलरवर चालते, त्यामुळे एका मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडता येते आणि दुसरे इंजिन यार्डात उभे करायचे असेल तर तेवढ्या रुळांचा पुरवठा स्विचने तोडावा लागतो.

पुढचा बेत मोठा आहे. बेडरूमच्या भिंतीलगत चौदा फूट लांबीची फळी टाकून तीवर कर्जत ते लोणावळा या घाटाची आठवण करून देणारी चढण उभी करायची आहे. प्रत्यक्ष भोर घाटातील १:३७ ही चढण जशीच्या तशी घेतली तर चौदा फुटांत सुमारे साडेअकरा सेंटिमीटर उंची मिळते, म्हणजे खालून दुसरा मार्ग सहज नेता येतो. पुढे एक इंजिन, मागे दोन बँकर (चढणीवर गाडी मागून ढकलणारी इंजिने) आणि मध्ये डबे, असे कर्जतच्या फलाटावर अनेकदा पाहिलेले दृश्य मला घरी हवे आहे. हे साध्या डीसीवर नीट जमणार नाही, डीसीसीकडेच (रुळांवरून इंजिनाला डिजिटल आज्ञा देण्याच्या पद्धतीकडे) वळावे लागेल, एवढे कळले आहे.

अडचण खर्चाची आहे, कारण सगळे एकदम घेता येणार नाही. तीन पर्याय पाहिले: एनसीईचा पॉवर कॅब संच, रोकोचे काळे झेड२१, आणि आर्डुइनो या लहान संगणकीय बोर्डावर स्वतः जुळवायची डीसीसी-ईएक्स. गुणदोषांची यादी कुठेही मिळते. मला विचारायचे आहे ते एवढेच, की आज घेतलेली वस्तू पाच वर्षांनी मांडणी वाढल्यावर बाजूला ठेवावी लागू नये, यासाठी निवड करताना नेमके काय पाहावे?

जुना सांधेवाला (दादर)

तुम्ही योग्य प्रश्न विचारला आहे. बहुतेक जण पेटीवरची बटणे मोजतात आणि तिथेच फसतात.

डीसीसीत चार कामे वेगवेगळी आहेत. हातातला थ्रॉटल आज्ञा देतो, कमांड स्टेशन त्या आज्ञेचे डिजिटल संदेश बनवते, बूस्टर त्या संदेशाला ताकद देऊन रुळांवर सोडतो आणि इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाचा संदेश ओळखून मोटर व दिवे चालवतो. रुळांवरून जाणारा संदेश अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामाच्या आधारे १९९०च्या दशकात प्रमाणित केला. म्हणून कोणत्याही उत्पादकाचा डीसीसी डिकोडर कोणत्याही उत्पादकाच्या कमांड स्टेशनवर चालतो. तुमची तीन इंजिने पुढे तीस झाली तरी त्यांतल्या डिकोडरांवर घातलेला पैसा वाया जात नाही.

प्रमाणित झालेली नाही ती थ्रॉटल आणि कमांड स्टेशन यांच्यामधली तार. तिला बस म्हणतात, आणि प्रत्येक घराण्याची बस वेगळी आहे. डिजिट्रॅक्सची लोकोनेट, लेन्झची एक्सप्रेसनेट, एनसीईची कॅब बस. दुसरा थ्रॉटल, सांध्यांचे पॅनेल, कोणत्या भागात गाडी उभी आहे हे सांगणारे संवेदक, सगळे याच बसवर टांगले जातात, त्यामुळे पेटी निवडताना खरे तर तुम्ही बस निवडत असता. लोकोनेट आणि एक्सप्रेसनेट एकाहून अधिक उत्पादक वापरतात. काळ्या झेड२१ वर तर दोन्हींसाठी जागा आहे. ज्या बसचे सामान एकाच दुकानातून मिळते, ते दुकान बंद झाले की तुमची वाढ तिथेच थांबते. मी तुमच्या जागी असतो तर हीच गोष्ट सर्वांत आधी पाहिली असती.

आता विजेचा हिशेब. आजच्या चांगल्या एचओ इंजिनाला ओढताना साधारण पाव ते अर्धा अँपिअर लागतो. घाटातल्या गाडीची तीन इंजिने म्हणजे चढणीवर दीड अँपिअर धरा, दुसऱ्या मार्गावरच्या गाडीचा अर्धा, आणि बारा डब्यांत प्रत्येकी एक जुन्या पद्धतीचा बारीक बल्ब असेल तर तोच सुमारे ५० मिलिअँपिअर खातो, म्हणजे आणखी ०.६. बेरीज २.६ होते. बल्ब काढून एलईडी लावले तर नुसत्या दिव्यांतून जवळपास अर्धा अँपिअर वाचतो, हे बूस्टर घेण्याआधी करण्यासारखे काम आहे. पॉवर कॅबची मूळ मर्यादा सुमारे २ अँपिअर असल्याने घाट झाल्यावर त्याला त्यांचा ५ अँपिअरचा स्मार्ट बूस्टर जोडावा लागेल. सुरुवातीला पॉवर कॅबच्या हातातल्या यंत्रातच कमांड स्टेशन असते, त्यामुळे ते सॉकेटमधून काढले की गाड्या थांबतात. स्मार्ट बूस्टर आल्यावर तेच यंत्र साधा थ्रॉटल म्हणून वापरता येते. जुनी वस्तू टाकून न देता वाढण्याचे हे चांगले उदाहरण आहे, त्यामुळे मी पॉवर कॅबला नाकारत नाही. झेड२१ ला सुरुवातीपासून सुमारे ३ अँपिअर मिळतात.

यार्ड क्रमांक दोन (बोरिवली)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. एका गोष्टीची भर घालतो, कारण ती मला महागात पडली.

मी काही वर्षांपूर्वी एक स्वस्त प्रारंभिक संच घेतला. त्यात इंजिनांना मोजकेच क्रमांक देता येत होते, आणि तेवढे मला पुरेसे वाटले. मात्र त्यातून डिकोडरची मूल्ये लिहिता येत, पण वाचता येत नसत, हे मी घेताना पाहिले नाही. एका पावसाळ्यात रुळावरची घाण आणि वारंवार होणारे शॉर्ट यांमुळे माझ्या आवडत्या डिझेल इंजिनाचा डिकोडर आपला क्रमांक विसरला. इंजिन रुळावर उभे होते, पण कोणत्याही क्रमांकाला दाद देत नव्हते. मूल्य वाचता आले असते तर सीव्ही (डिकोडरमधली क्रमांकित मूल्ये) १, १७, १८ आणि २९ पाहून दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मी मात्र दोन रविवार क्रमांक बदलून पाहण्यात घालवले आणि शेवटी एका मित्राच्या प्रणालीवर सीव्ही ८ मध्ये ८ लिहून डिकोडर मूळ स्थितीत आणला.

म्हणून वेगळा प्रोग्रॅमिंग ट्रॅक (डिकोडरची मूल्ये वाचण्या-लिहिण्यापुरता रूळ) आणि मूल्य वाचण्याची सोय नसलेली कोणतीही वस्तू घेऊ नका. बँकर लावायचे असल्याने तुम्हाला तर हे सतत लागणार आहे. पुढचे आणि मागचे इंजिन एकाच आज्ञेला एकाच वेगाने धावले नाही, तर चढणीवर मधले डबे रुळांवरून उचलले जातात आणि वळणावर आतल्या बाजूला पडतात. त्यासाठी ठरावीक अंतर कापायला प्रत्येक इंजिनाला किती सेकंद लागतात हे घड्याळावर मोजावे आणि सीव्ही २, ५ व ६ म्हणजे सुरुवातीचा, कमाल आणि मधला वेग बदलून तिन्ही इंजिने जुळवून घ्यावीत. हे काम संगणकावर जेएमआरआय या मोफत प्रणालीतून फार सोपे होते, तेव्हा घ्याल ती पेटी संगणकाला जोडता येते ना, हेही विचारा.

आणखी एक. अमेरिकेतून कोणाकडून मागवणार असाल तर सोबतचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात लावण्याआधी त्यावरची चिठ्ठी वाचा.

मोकळा सिग्नल (ठाणे)

डीसीसी-ईएक्सबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून लिहितो. मी गेली काही वर्षे हेच वापरतो आहे आणि मनापासून सुचवतो.

आर्डुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड (रुळांना वीज देणारा वर बसवायचा बोर्ड) आणि एक वाय-फाय बोर्ड एवढे सामान लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळते. शील्डला दोन मार्ग असतात; एक मुख्य रुळांसाठी आणि दुसरा प्रोग्रॅमिंग ट्रॅकसाठी, त्यामुळे बोरिवलीकरांनी सांगितलेली वाचण्याची सोय पहिल्या दिवसापासून मिळते. जेएमआरआयला जोडता येते आणि अँड्रॉइड फोनवर इंजिन ड्रायव्हर हे ॲप टाकले की घरातला जुना फोन थ्रॉटल होतो. प्रणाली खुली असल्याने कोणा एका कंपनीच्या भवितव्याशी तुमची मांडणी बांधली जात नाही.

एक काळजी मात्र न चुकता घ्या. मोटर शील्डच्या पाठीमागे ‘व्हीइन कनेक्ट’ असे लिहिलेली बारीक जोडणी असते. ती ब्लेडने कापली नाही तर रुळांसाठी दिलेला १४–१५ व्होल्टचा पुरवठा खालच्या मेगा बोर्डात शिरतो आणि बोर्ड तापतो. कापल्यावर मल्टिमीटरने तपासा. शिवाय या शील्डमध्येच दोनएक व्होल्ट पडतात, त्यामुळे रुळांवर हवे असतील त्यापेक्षा तेवढे जास्त देणारा पुरवठा निवडा.

याची मर्यादाही सांगतो. शील्डवरून दीड अँपिअरच्या वर जाऊ नये, म्हणजे तुमची आजची फळी चालेल, घाट चालणार नाही. तिथे वेगळा बूस्टर लागेल. आणि आपल्या इमारतींमध्ये प्रत्येक घरात वाय-फाय असल्याने २.४ गिगाहर्ट्झवर इतकी गर्दी असते की संध्याकाळी फोनवरचा थ्रॉटल कधी कधी सुटतो. फोनची जोडणी तुटली तर इंजिन थांबेल अशी मांडणी ॲपमध्ये करून ठेवा.

घाटमाथा (मुलुंड)

सर्वांचे आभार. आता चित्र बरेच स्पष्ट झाले.

माझा निर्णय असा होतो आहे, की आत्ता डीसीसी-ईएक्स जुळवून तीन इंजिनांत डिकोडर बसवावेत आणि सध्याची फळी चालवावी. घाटाचे काम सुरू होईल तेव्हा झेड२१ घ्यावे. त्या वेळी आर्डुइनो वाया न जाता टेबलावर फक्त प्रोग्रॅमिंगसाठी राहील.

दोन शंका उरल्या आहेत. तारा आत्ताच पुढच्या हिशेबाने ओढाव्यात का? आणि घाटाच्या वरच्या टोकाला गाडी वळवण्यासाठी मला गोल लूप टाकायचा आहे. डीसीसीत त्याला काय करावे लागते?

जुना सांधेवाला (दादर)

तारा आत्ताच ओढा, यात शंका ठेवू नका. पेटी बदलणे तासाभराचे काम आहे, पण प्लायवूडखाली आडवे पडून पुन्हा तारा ओढणे महिन्याचे. लोहार चाळीत मिळणारी घरगुती १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दोन रंगांत घ्या आणि फळीच्या लांबीभर बस म्हणून न्या. चौदा फुटांची जा-ये धरली तरी ३ अँपिअरला तिच्यात सुमारे पाव ते तिसरा हिस्सा व्होल्टच पडतो, म्हणजे पुढच्या वाढीलाही ती पुरेल. प्रत्येक तीन फुटांवर ०.५ च्या तारेने फीडर (बसपासून रुळापर्यंतची जोडतार) रुळाला डाग देऊन जोडा. फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) भरवशावर राहू नका. मुंबईच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत त्या आतून काळ्या पडतात आणि गाडी नेमकी चढणीवर अडखळू लागते. सध्याची फळी आणि पुढचा घाट यांच्यामध्ये दोन्ही रूळ आत्ताच तोडून इन्सुलेटेड जोड घाला, म्हणजे उद्या घाटाला वेगळा बूस्टर किंवा ब्रेकर देताना काही उखडावे लागणार नाही.

तारा झाल्यावर एक रुपयाचे नाणे घ्या आणि दर दोन फुटांवर दोन्ही रुळांवर आडवे टेकवा. प्रत्येक ठिकाणी पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. जिथे तुटत नाही तिथे फीडर कमकुवत आहे, आणि खऱ्या शॉर्टच्या वेळी तिथेच चाक किंवा डिकोडर जळेल. बूस्टर ५ अँपिअरचा घेतला तर ही तपासणी अधिकच आवश्यक होते, कारण तेवढ्या प्रवाहाने डब्याच्या बोगीचे प्लास्टिक वितळू शकते.

लूपमध्ये डावा रूळ फिरून उजव्या रुळाला भेटतो, त्यामुळे शॉर्ट होतो. लूपच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडून मधल्या भागाला ऑटो-रिव्हर्सर द्यावा. गाडी या तोडलेल्या जागेवरून जाताना तो स्वतःच त्या भागाची फेज (दोन रुळांची जोडणी) उलटवतो आणि डीसीसीत इंजिनाची दिशा बदलत नाही. अट एकच आहे, की तो भाग सर्वांत लांब गाडीहून लांब हवा. आपला आयसीएफ डबा १:८७ मध्ये सुमारे २५.६ सेंटिमीटर भरतो. बारा डबे तीन मीटरच्या वर जातात आणि ते बेडरूममधल्या लूपमध्ये मावणार नाहीत. सहा डबे आणि तीन इंजिने मिळून सव्वादोन मीटर होतात. ४५ सेंटिमीटर त्रिज्येच्या लूपची लांबी सुमारे २.८ मीटर असते, तीत ही गाडी बसते. तेव्हा वरच्या टोकाला फळीची रुंदी किमान साडेतीन फूट ठेवा आणि सुताराला माप देण्याआधी कपाटाचे दार उघडते का, ते पाहून घ्या.