रस्त्यावरच्या जाळीतलं पाणी कुठे जातं, हे मुलांना कसं शिकवावं?

कर्वेनगरची आई
नमस्कार मंडळी. सुट्टीत दर शनिवारी पुण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या मुलांना गोळा करून काहीतरी शिकवते. तिसरी ते सातवीची मुलं आहेत. परवा रंगकामवाल्यांनी ब्रश धुतलेलं पाणी रस्त्याकडेच्या जाळीत ओतलं. "हे कुठे जाणार?" असं मुलांना विचारलं, तर सगळी एका सुरात म्हणाली, "ड्रेनेजमध्ये, तिकडे साफ करतात." त्यांच्या आईबाबांनाही तसंच वाटतं. पाणलोट क्षेत्राची व्याख्या पाठ करून घ्यायची नाहीये, पण हे नीट कळायला हवं. काय करू? भर पावसात ओढ्यावर न्यायला पालक तयार नाहीत.

आंबिलकाठ
ताई, पालकांचं बरोबर आहे. मी सहकारनगरात राहते, भूगोल शिकवते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत घुसला, माणसं गेली. वाहत्या ओढ्यावर मुलांना नेऊच नका.

गच्चीवर न्या. गच्चीला उतार दिलेला असतो, कोपऱ्यांत पाइप असतात. मधोमध बादलीभर पाणी ओता आणि कुठलं पाणी कुठल्या पाइपकडे पळतं ते मुलांना खडूने आखू द्या. एक रेघ अशी सापडते की तिच्या अलीकडचं पाणी एका पाइपला, पलीकडचं दुसऱ्याला. ती रेघ म्हणजे जलविभाजक आणि पाइपकडे उतरणारा सगळा भाग हा त्या पाइपचा पाणलोट. रेघ नेमकी कुठून जाते यावरून मुलं हमखास भांडतात. भांडू द्या, पुन्हा पाणी ओतून बघतात.

मग हिशोब. एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २०० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिमी पडला की २,००० लिटर. माती असती तर बरंचसं मुरलं असतं. सिमेंटवरून जवळजवळ सगळं रस्त्यावर येतं.

आता नकाशा. खडूची तीच रेघ सह्याद्रीच्या माथ्यावर दाखवा. पश्चिमेला पडलेला थेंब कोकणातून अरबी समुद्रात. तुमच्या गच्चीवरचा मात्र मुठेत, पुढे मुळा-मुठेतून भीमेत, उजनीच्या धरणात, तिथून पंढरपूरला, मग कृष्णेत आणि आंध्रात बंगालच्या उपसागरात. आजीआजोबा वारीला जात असतील तर ब्रशचं पाणी चंद्रभागेच्या वाटेला लागलंय हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

पाषाणकर
गच्चीची कल्पना फारच छान. जाळीबद्दल थोडी भर घालतो. संडास-मोरीचं पाणी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात जावं आणि जाळीखालच्या पावसाळी गटारातलं थेट ओढ्यात, अशी रचना आहे. म्हणजे जाळीत जे पडेल ते गाळल्याशिवाय नदीत. पण मुलांना अर्धंच सांगू नका. आमच्या रामनदीत उन्हाळ्यातही काळं पाणी वाहतं, ते पावसाचं नाही, मैलापाणीच आहे. ओढ्याच्या पात्रात राडारोडा टाकतात तोही दाखवा, लांबून, पुलावरून. माझा नातू भूगावापासून बाणेरपर्यंतचे नदीवरचे पूल ओळखतो.

घरी करायचा प्रयोग: परातीत ओल्या मातीच्या दोन टेकड्या करा, एकीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बसवा. दोन्हींवर चिमूटभर हळद टाका आणि झारीने पाणी घाला. प्लास्टिकवरची हळद लगेच खाली वाहून येते, पाणी पिवळं होतं. मातीवरचं पाणी आधी मुरतं, बरीचशी हळद वरच राहते. हळद कशाच्या जागी आहे ते मुलांनीच सांगायचं: गाडीचं ऑइल, गाडी धुतलेला साबण, कुत्र्यांची घाण, सिमेंटचं पाणी.

कर्वेनगरची आई
दोघांचे मनापासून आभार. शनिवारी गच्चीच! पावसाचं खरं पाणी गोळा करायचं असेल तर कधी करू?

आंबिलकाठ
पहिल्याच सरीचं घ्या. उन्हाळाभर साठलेली टायरची धूळ, तेल, कचरा सगळं त्यात उतरतं. एक बाटली गच्चीच्या पाइपखाली भरा, दुसरी गेटच्या आत रस्त्यावरून येणाऱ्या ओघळाची. ही मोठ्यांनी भरायची, मुलांनी हात लावायचा नाही. झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी तळाचा गाळ पट्टीने मोजायला सांगा, वर तेलाचा तवंग दिसतो का ते बघायला सांगा. आठवड्याने त्याच जागेवरून पुन्हा भरा आणि दोन्ही वेळच्या बाटल्यांवर तारीख घाला, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून बघता येतील.