मदत हवी आहे: लंडनहून कॉट्सवोल्ड्स, दोघांसाठी दोन दिवस

प्रश्न (सायलीची_फुलं)
जूनमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको लंडनला असू. शनिवार-रविवार गाडी भाड्याने घेऊन कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या ग्रामीण भागातली गावं बघायचा विचार आहे. यादी: बरफर्ड, बायबरी, बोर्टन-ऑन-द-वॉटर, लोअर आणि अप्पर स्लॉटर, स्टो-ऑन-द-वोल्ड, ब्रॉडवे, चिपिंग कॅम्पडन आणि कॅसल कूम. परवाना भारतीय, गाडी मीच चालवणार, ऑटोमॅटिक हवी. एवढं बसेल का? गाडी कुठून घेऊ? आणि त्या अरुंद रस्त्यांवर नेमकं काय सांभाळायचं?

रानवाटा
बसवायचं म्हटलं तर बसेल, पण नऊ गावांची पार्किंगं बघून परत याल. नकाशावर अंतरं किरकोळ दिसतात (बोर्टन ते स्टो जेमतेम ४ मैल), पण जागा शोधणं, पैसे भरणं, चालत आत जाणं यात प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास मोडतो.

खरा प्रश्न किती गावं हा नाही, कुठलं गाव किती वाजता हा आहे. बायबरी आणि बोर्टन सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच गर्दीने भरलेली असतात. जूनमध्ये उजेड पहाटे पाचपासून रात्री साडेनऊपर्यंत असतो, त्याचा फायदा घ्या. मुक्काम बोर्टनलाच करा. संध्याकाळी सहानंतर बसेस गेल्या की विंडरश नदीवरचे ते बुटके दगडी पूल जवळजवळ तुमचेच. बऱ्याच ठिकाणी वीकएंडला किमान दोन रात्रींची अट असते, म्हणून शुक्रवार-शनिवार रात्र धरूनच शोधा.

शनिवारी बरफर्ड सकाळीच. तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या कुंडावर १६४९ साली कोंडलेल्या लेव्हलर (समान हक्क मागणाऱ्या बंडखोर सैनिकांपैकी एका) कैद्याने कोरलेलं नाव आहे, ते चुकवू नका. मग स्टो: चर्चच्या उत्तर दाराला दोन्हीकडून यू वृक्षांनी कवटाळलंय, तेवढं बघून पुढे. चिपिंग कॅम्पडनला १६२७ चा मार्केट हॉल आहे. ब्रॉडवे गावात फार न रेंगाळता वर टॉवरपाशी जा. टेकडी ३१२ मीटर उंच, हवा स्वच्छ असेल तर दृश्य लांबवर.

रविवारी सातला उठून थेट बायबरी, अर्ध्या तासाचा रस्ता. आर्लिंग्टन रो ही घरांची रांग मुळात लोकर साठवायची मध्ययुगीन इमारत, सतराव्या शतकात तिची विणकरांची घरं झाली. आजही तिथे माणसं राहतात, तेव्हा पायऱ्यांवर बसून फोटो नकोत. नाश्त्याला परत बोर्टन. न्याहारी किती वाजेपर्यंत मिळते ते आदल्या रात्री विचारून ठेवा. भर दुपारी, गर्दीच्या वेळेला, गाडी मुक्कामीच ठेवून स्लॉटरला चालत जा. बोर्टनहून लोअर स्लॉटर सुमारे दीड मैल, तिथून आय नदीच्या कडेने अप्पर आणखी एक मैल. स्लॉटरमध्ये गाडी लावायला जागा जवळपास नाहीच, त्यामुळे हेच सोयीचं.

कॅसल कूम काढून टाका. ते दक्षिण टोकाला, विल्टशरमध्ये आहे.

दगडी_कुंपण
गाडीबद्दल. गावातल्या भाड्याच्या शाखा बहुधा शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, मग गाडी परत द्यायला सोमवार उजाडतो. हीथ्रोची शाखा घ्या, शुक्रवारीच. मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याची कंजेशन फी टळते आणि एम २५ वरून एम ४० ला लागता येतं. जंक्शन ८ ला ए ४०, मग सरळ बरफर्ड.

भारतीय परवान्यावर पाहुण्यांना १२ महिने गाडी चालवता येते. काही कंपन्या सोबत आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, अटी वाचा. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. म्हणजे तुमचं, नवऱ्याचं चालणार नाही. मूळ विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ बऱ्याचदा धरत नाहीत, आणि या भागात मार बसतो तो नेमका तिथेच: कुंपणाच्या झुडपाखाली रस्त्याची कड तुटलेली असते आणि डावं चाक त्यात आपटतं. तेवढं वेगळं कव्हर घ्या.

पेट्रोलचा पाइप हिरवा, डिझेलचा काळा. चुकीचं भरलं गेलं तर इंजिन चालूच करू नका.

रस्ते: काळ्या तिरक्या पट्टीची पांढरी चकती म्हणजे साध्या रस्त्यावर ताशी ६० मैलांची मर्यादा. ती मर्यादा आहे, तेवढ्या वेगाने जा असा आग्रह नाही. एकाच गाडीपुरत्या रुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की बाजूला घेण्यासाठी ठेवलेली मोकळी जागा डावीकडे असेल तर आत शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा, समोरचा आत जाईल. ती जागा तुमच्या मागे जवळ असेल तर मागे तुम्हीच घ्यायचं. चढणाऱ्या गाडीला शक्यतो वाट द्या. घोडेस्वार दिसला की वेग १० मैलांवर, किमान २ मीटर अंतर, हॉर्न नाही. आणि त्या मोकळ्या जागेत गाडी उभी करून फोटो काढत बसू नका, यावरून लोक खरंच चिडतात.

दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्या. ‘सर्वांत जवळचा रस्ता’ निवडलात तर शेतातल्या गल्ल्यांतून नेईल. ए ४२९, ए ४२४, ए ४४ धरून राहा. एकच पोस्टकोड पसरलेल्या कित्येक घरांचा असतो, म्हणून मुक्कामाची खूण नकाशावर घरासकट ठेवा.

सायलीची_फुलं
दोघांचेही आभार! कॅसल कूमवर मात्र नवरा अडून बसलाय. काही मार्ग? आणि आम्ही शाकाहारी आहोत.

ओलं_गवत
रानवाटांशी थोडं असहमत. हीथ्रोला परतायचंच आहे तर कॅसल कूम शेवटी ठेवता येतं. रविवारी सामान घेऊनच निघा, बायबरीहून तासाभरात पोचाल. नंतर एम ४ च्या जंक्शन १७ वरून हीथ्रो, दीड तास धरा. वाहनतळ टेकडीवर, गावात उतरायला दहाएक मिनिटं चाल. स्लॉटर मग शनिवारी संध्याकाळी, जेवणाआधी.

जेवण: पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमाराला बंद होऊन सहाला उघडतं, रविवारी रात्री अनेक ठिकाणी उघडतच नाही. रविवारच्या दुपारचं टेबल आधीच सांगून ठेवा. नट रोस्ट (सुक्यामेव्याचा भाजलेला पदार्थ) मिळतो, पण दोन गोष्टी वेगळ्या विचारा: वरचा ग्रेव्ही मांसाचा आहे का, आणि भाजलेले बटाटे बदकाच्या किंवा गाईच्या चरबीत तळलेत का. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच म्हटलं तर बटाट्यांचा विचार होईलच असं नाही.

दगडी_कुंपण
पार्किंगचं राहिलं. यंत्रं अॅपवर पैसे मागतात आणि तिथे नेमकी रेंज नसते. अॅप, गाडीचा नंबर, कार्ड हे सगळं मुक्कामाच्या वायफायवर भरून ठेवा, खिशात पौंडाची नाणीही असू द्या. दंड झाला तर तो आधी भाड्याच्या कंपनीकडे जातो आणि ती त्यावर स्वतःची हाताळणी फी लावते.