इलेक्ट्रिक की हायब्रिड? गाडी ठरेल हो, प्लगचं काय?

गंगापूररोडकर
डिझेल गाडीला १२ वर्षं झाली, आता बदलायचीच. राहतो नाशिकला, नोकरी अंबड एमआयडीसीत, जाऊन-येऊन रोज २५ किलोमीटर. महिन्यातून एकदा ठाणे, दिवाळीत नागपूर. बायको म्हणते इलेक्ट्रिक. वडील म्हणतात, "घाटात बंद पडली तर ढकलणार कोण?" शोरूमवाला हायब्रिडच्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटार दोन्ही असलेल्या गाडीच्या मागे लागलाय. माझं मत आधीच सांगून टाकतो: बॅटरीची भीती हा बहाणा आहे, खरं घोडं अडतं ते पार्किंगमधल्या प्लगपाशी. पटत नसेल त्यांनी खोडून काढा.

सातपूरचा_जुना
बहाणा कसला? ८ वर्षांची वॉरंटी संपल्यावर ती गाडी विकत घेणार कोण, तेवढं सांगा. आणि नागपूरला निघालात की समृद्धीवर १२०ने पळवायचा मोह होणारच. वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो, एका चार्जमधली कागदावरची रेंज कागदावरच राहते. शिवाय आमच्या सातपुरात बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजेक्टर बनतात. इलेक्ट्रिक गाडीत इंजेक्टरच नाही. हे आमच्या गल्लीत कुणी हसत बोलत नाही.

पाथर्डी_फाटा
पोटापाण्याचा मुद्दा मान्य. घाटाचं मात्र माझ्याकडून ऐका, दोन वर्षं इलेक्ट्रिक चालवतेय. मागच्या महिन्यात बॅटरी ९५ टक्के असताना निघाले, इगतपुरीला ८० होते. कसारा उतरून खाली आले तर ८१! उतारावर मोटारच जनरेटर होते, ब्रेकला पाय लागतच नाही म्हणा ना. माझ्या सासऱ्यांनी गॉगल काढून आकडा दोनदा वाचला. येताना चढावर तोच घाट व्याजासकट वसूल करतो, हेही खरं.

हिशेबी_माणूस
धागाकर्त्याचं रनिंग महिन्याला साधारण ६५० किमी. इलेक्ट्रिकला युनिटमागे ७ किमी धरले तर ९३ युनिट, दहाच्या दराने हजाराच्या आत. लिटरला २० देणाऱ्या हायब्रिडला साडेबत्तीस लिटर, म्हणजे सव्वातीन हजारांच्या पुढे. त्यात चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर जीएसटी ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५. पण हे गणित घरी चार्जिंग असेल तरच. रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर उभे राहणार असाल तर सरळ हायब्रिड घ्या, तिला प्लग लागतच नाही. द्वारका चौकातल्या कोंडीत इंजिन आपोआप बंद होतं, तेवढंही पुरे.

इंदिरानगर_बी_विंग
लाख बोललात! आमच्या सोसायटीत मी अर्ज दिला तर मीटिंगमध्ये प्रश्न काय, "आग लागली तर?" तेच काका स्कूटरची बॅटरी तिसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे चार्ज करतात. पाच महिने झाले, एनओसी नाही. शेवटी हायब्रिड घेतली. मनापासून नाही, वैतागून.

सातपूरचा_जुना
म्हणजे वैतागून का होईना, गाडी पेट्रोलचीच आली!

गंगापूररोडकर
काका प्रत्येक सोसायटीत असतात बहुतेक. आत्ताच खाली जाऊन टेप लावला: मीटरच्या खोलीपासून माझ्या पार्किंगपर्यंत १८ मीटर, मध्ये एकच भिंत. वायरमन म्हणतो, स्वतंत्र केबल, अर्थिंग आणि एमसीबी स्विच टाकून एका दिवसात काम होईल. सेक्रेटरींना रविवारी मिसळ खायला बोलावलंय. रस्सा झणझणीत ठेवतो, काय म्हणतात ते इथेच कळवतो.